वाचकांचे प्रश्न : चेनमेलचे दागिने

या वेळची बरीच पत्रं चेनमेलच्या दागिन्यांबद्दल आहेत. तारेची कडी कापायची, उघडायची, शेजारच्या कड्यांत ओवायची आणि बंद करायची, एवढंच हे काम. त्यात डाख नाही की दोरा नाही. त्यामुळे जे बिघडतं ते मापात तरी बिघडतं, नाहीतर जोडावर. आलेले निम्मे प्रश्नही तिथलेच आहेत.

प्रश्न (चिपळूण) : बायझंटाइन विणीच्या ब्रेसलेटसाठी एका कृतीत ‘१८ गेज तार, आतला व्यास ३.५ मिमी’ असं दिलं होतं. हार्डवेअरच्या दुकानातून १८ नंबरची तांब्याची तार आणली आणि ३.५ मिमीच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर गुंडाळून कड्या कापल्या. पहिल्या दोन-तीन जोड्या जमतात, पुढची कडी आत शिरतच नाही. जबरदस्तीने घातली तर साखळी ताठ होते, मनगटाभोवती वळत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमच्या हाताचा यात दोष नाही, घोटाळा त्या ‘१८’चा आहे. तारेच्या जाडीचे दोन तक्ते चालतात. आपल्याकडचा हार्डवेअरवाला सांगतो तो नंबर ब्रिटिश तक्त्यातला, म्हणजे एसडब्ल्यूजी. त्यात १८ नंबर म्हणजे १.२२ मिमी. अमेरिकी कृतींत, विशेषतः चांदी-तांब्याच्या तारेसाठी, एडब्ल्यूजी वापरतात. त्यात १८ म्हणजे १.०२ मिमी. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण विणीला तो झेपत नाही.

विणीच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं ते आतल्या व्यासाचं तारेच्या जाडीशी गुणोत्तर. हे काम करणारे त्याला एआर म्हणतात. आतला व्यास भागिले तारेची जाडी, इतका साधा हिशोब. कृतीतला एआर ३.५ ÷ १.०२, म्हणजे ३.४. तुमचा ३.५ ÷ १.२२, म्हणजे जेमतेम २.९. बायझंटाइन ३.३ ते ३.७ या पट्ट्यात छान बसते. ३.२च्या खाली ती आखडते. ४च्या वर गेली की मागे पाडलेल्या कड्या जागेवर राहत नाहीत आणि नक्षी विस्कटते.

अडचण नेमकी कुठे येते तेही बघा. दोन-दोन-दोन अशी साखळी करून शेवटची जोडी दोन बाजूंना मागे पाडायची, मधली जोडी जरा फाकवायची, की तिच्या फटीतून मागे पडलेल्या कड्यांच्या कडा वर येतात. नवी जोडी त्या कडांतून ओवायची असते. अख्ख्या विणीतली सगळ्यांत दाट जागा ही. इथे कडीच्या पोटात एकाच वेळी इतक्या तारा येतात की एआर कमी असेल तर नव्या कडीला वाटच उरत नाही. तुम्ही अडलात ते इथेच.

उपाय सोपा आहे. १.२२ × ३.४ केलं की ४.१५ मिमी येतात. त्यासाठी ४ मिमीची सळई घ्या. लोकरीच्या विणकामाची ८ नंबरची सुई ४ मिमीचीच असते. वरचे दशांश गुंडाळी सोडल्यावर आपोआप मिळतात, कारण तार थोडी उलगडते आणि आतला व्यास सळईपेक्षा मोठा होतो. नरम तांब्यात हा फरक थोडा असतो, पितळात त्याहून जास्त, स्टेनलेस स्टीलमध्ये तर चांगलाच. म्हणून एआर काढताना सळईचं माप धरू नका. कापलेल्या पाच-सहा कड्या व्हर्नियरने मोजून सरासरी घ्या.

कापून ठेवलेल्या कड्या मात्र फेकू नका. २.९चा एआर जेन्स पिंड या विणीला हवा तसाच आहे. दोरीसारखी गोल, दाट साखळी होते ती, आणि तिला २.८ ते ३ एवढाच घट्टपणा लागतो. बाकी विणींचे आकडे साधारण असे : युरोपियन फोर-इन-वन ३.५ ते ४.५, हाफ पर्शियन थ्री-इन-वन ४च्या आसपास, फुल पर्शियन ५च्या पुढे. एक वही ठेवा. तारेची मोजलेली जाडी, सळई, कडीचा प्रत्यक्ष व्यास, वीण आणि ५ सेंमीला लागलेल्या कड्या, हे पाच आकडे प्रत्येक नमुन्याचे लिहा. तीच पुढे तुमची खरी कृती होते, आणि दुकान बदललं, तार बदलली तरी कामाला येते.

जाता जाता, मोटार रिवाइंडिंगची तार स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तिच्यावर इनॅमलचा लेप असतो. रंग तांब्याचाच दिसतो, पण पकडीने तो ओरखडतो आणि आतलं तांबं निराळं काळं पडतं.

प्रश्न (नाशिक) : माझ्या साखळ्या ओढणीला आणि केसांना अडकतात अशी तक्रार येते. मी साध्या वायर कटरने कड्या कापते. करवतीने कापाव्या लागतील का? की माझ्या बंद करण्यातच चूक आहे?

उत्तर : दोन्ही. आधी कापण्याचं. साधा कटर तार चिमटून तोडतो, त्यामुळे एका टोकाला चपटा भाग आणि दुसऱ्याला पाचर तयार होते. अशी टोकं कितीही जुळवली तरी मध्ये व्ही आकाराची खाच राहते. केस अडकतो तो त्या खाचेत. फ्लश कटरने एक बाजू सपाट मिळते. दर कडीला कटर उलटा धरून टोकाची पाचर उडवली तर दुसरीही मिळते, पण वेळ दुप्पट जातो. कानातल्यांच्या तीन-चार जोड्या करायच्या असतील तर हे चालेल. विक्रीसाठी करवतच घ्या.

सराफी कामाची करवत, २/० किंवा ३/० नंबरचं पातं. पात्याचे दात मुठीकडे वळलेले हवेत, म्हणजे ते खाली ओढताना कापतं. गुंडाळीवर मास्किंग टेपचा एक वेढा द्या, लाकडाच्या ठोकळ्यात खाच करून त्यात ती बसवा, पात्याला मेण लावा आणि लांबीच्या दिशेने कापत जा. पातं किंचित तिरकं ठेवा, म्हणजे एका वेळी दोन-तीन कड्यांवरच भार येतो. पाती सारखी तुटत असतील तर बहुधा पातं ढिलं ताणलेलं असतं किंवा गुंडाळी हलत असते. काप पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. तेवढी तार जाते आणि बंद केलेली कडी अगदी थोडी लहान होते, हे मापात धरा.

आता बंद करणं. पकडी दोन हव्यात, दोन्ही बिनदात्यांच्या. जोड वर, घड्याळात बाराच्या जागी. एक पकड तीनवर, एक नऊवर. जबड्यात कडीचा जितका जास्त भाग येईल तितका चांगला, नुसत्या टोकाने धरली की कडी वाकते. उघडताना एक हात आपल्याकडे, दुसरा समोर. टोकं कधीही डावी-उजवीकडे फाकवू नका, गोलाई गेली की ती परत येत नाही. आणि जेवढी तार आत जायची तेवढंच उघडा.

बंद करताना टोकं नुसती समोरासमोर आणून सोडली तर तार मागे सरकते आणि फट उरते. म्हणून टोकं एकमेकांच्या किंचित पुढे न्या, परत मागे आणा, आणि हे करताना दोन्ही हातांनी कडी आतल्या बाजूला हलकेच दाबत राहा. टोकं एकमेकांवर घासल्याची बारीक करकर बोटांना जाणवते. ती जाणवली की टोकं भिडली. मग पातळीत आणून सोडा. नखाचा कोपरा जोडावरून दोन्ही दिशांना फिरवा. नख अडलं तर जोड पातळीत नाही. कडी उजेडासमोर धरा. उजेडाची रेघ दिसली तर फट आहे. पूर्ण झालेली साखळी जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून ओढा. कुठे धागा निघाला तर त्या कडीवर खूण करा आणि तीच दुरुस्त करा. ही तपासणी दर नगाची, अपवाद नाही. गिऱ्हाईक तुमच्याकडून विकत घेतं ते हे बंद जोडच.

लांब हारात फाशाजवळची एक कडी बाकीच्यांपेक्षा मुद्दाम बारीक तारेची घाला. हार कशात अडकला तर तीच आधी उघडेल, मान वाचेल आणि विणीचं नुकसान होणार नाही.

प्रश्न (कुडाळ) : तांब्याचे दागिने प्रदर्शनापर्यंत पोहोचायच्या आतच काळपट होतात. पावसाळ्यात तर हिरवे डागही येतात. वर लॅकर मारून बघावं का? की जर्मन सिल्व्हर वापरावं?

उत्तर : लॅकर पेंडंटच्या सपाट पत्र्यावर टिकतं, चेनमेलवर नाही. इथे प्रत्येक कडी शेजारणीवर घासते. काही दिवसांत जोडांवरचं लॅकर उडतं, बाकीचं राहतं आणि दागिना चट्टेरी दिसतो. तो पुन्हा साफ करायचा तर आधी सगळं लॅकर काढावं लागतं.

हिरवे डाग मात्र नुसत्या कोकणच्या हवेचे नाहीत, बऱ्याचदा ते धुतल्यावर विणीत राहिलेल्या ओलाव्याचे असतात. चिंच किंवा लिंबू-मिठाने उजळवलं की आंबटाचा अंश कड्यांच्या सांध्यात दडतो आणि तिथूनच कळकायला सुरुवात होते. म्हणून क्रम असा ठेवा. लिंबू-मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, मग साधं पाणी, मग खाण्याचा सोडा घातलेलं पाणी (कपभर पाण्याला चमचाभर), पुन्हा दोनदा साधं पाणी. कापडाने टिपा आणि कोरड्या लाकडी भुशात घोळवा. भुसा सांध्यातलं पाणी ओढून घेतो. शेवटी केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा. भांडी घासायची भुकटी वापरू नका, ती आत अडकते आणि पांढरी दिसत राहते. प्रत्येक नग वेगळ्या झिप पिशवीत, हवा दाबून काढून, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

काम वाढलं की टंबलर, म्हणजे फिरत्या डब्याचं पॉलिशचं यंत्र, घ्या. स्टेनलेस स्टीलच्या छर्ऱ्यांत, छर्रे बुडतील एवढं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून दोन तास फिरवलं की झळाळी येतेच, शिवाय टोकांच्या बारीक कडा मोडतात आणि तारही थोडी कडक होते. तांबं आणि चांदी एकत्र टाकू नका, आणि ॲल्युमिनियम यात अजिबात नको. ते करडा गाळ सोडतं.

आमचा आग्रह मात्र वेगळा आहे. तुमच्या हवेत तांबं चकचकीत ठेवण्याशी झगडण्यापेक्षा ते मुद्दाम काळं करून विका. लिव्हर ऑफ सल्फर (धातू काळा करायचं गंधकाचं रसायन) घातलेल्या कोमट पाण्यात बुडवा, उघड्या जागी किंवा पंख्यासमोर, कारण वास उग्र असतो. ते मिळत नसेल तर गरम उकडलेलं अंडं कुस्करून दागिन्यासोबत बंद डब्यात ठेवा. अंड्यातल्या गंधकाने काही तासांत तांबं काळपट तपकिरी होतं. मग ०००० नंबरच्या स्टील वूलने वरच्या कडा हलक्या घासा. खोलगट भाग काळा, उठाव लाल. वीण उलट जास्त खुलून दिसते. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांची सवय आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला आहेच.

जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदी नसते. निकेलने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, कानाच्या भोकात तर विशेष. कानातल्यांसाठी ते टाळा, आणि कानात जाणारा हुक वीण कसलीही असो ३१६एल स्टीलचा किंवा टायटॅनियमचा घ्या. तांब्याने मनगट हिरवट झालं तर ते साबणाने जातं, अपाय नाही. कार्डावर तसं छापून टाका. पण ‘सांधेदुखीवर गुणकारी’ असं काही छापू नका. तांब्याच्या कड्याने सांधे बरे होतात असं चाचण्यांत आढळलेलं नाही.

प्रश्न (ठाणे) : मी १८ सेंमीचं तांब्याचं बायझंटाइन ब्रेसलेट ३५० रुपयांना विकते. एका दुकानाने ४० टक्के कमिशनवर ३० नग ठेवायला मागितले आहेत. घ्यावी का ऑर्डर?

उत्तर : या भावात नको. का, ते आकड्यांतच बघू.

१.२२ मिमी तार आणि ४.१५ मिमी व्यास धरला तर एका कडीला सुमारे १७ मिमी तार लागते : तारेची जाडी अधिक आतला व्यास, गुणिले ३.१४. वजन ०.१८ ग्रॅमच्या आसपास. समजा तुमच्या नमुन्यात ५ सेंमीला ३४ कड्या बसल्या. मग १८ सेंमीला १२३, म्हणजे २.१ मीटर तार. करवतीचा काप, बिघडलेल्या कड्या आणि गुंडाळीची वाया जाणारी टोकं मिळून १० टक्के वाढवा : २.३ मीटर, २४ ग्रॅम. किरकोळ भाव किलोला १,२०० रुपये धरला तर तार २९ रुपयांची. फासा १५, पाती आणि पॉलिशचा वाटा १०, डबी आणि कार्ड २५. एकूण ७९ रुपये.

वेळ? गुंडाळणं, कापणं, विणणं, तपासणं, धुणं आणि डबीत भरणं धरून अडीच तास समजू. ३५०तून दुकानाचे १४० गेले, उरले २१०. त्यातून ७९ वजा केले की अडीच तासांचे १३१, म्हणजे तासाला ५२ रुपये. आणि यात अजून फोटो, प्रवास, विजेचं बिल, परत आलेला माल काहीच धरलेलं नाही.

आता उलट्या बाजूने या. तासाला किमान १२० रुपये हवेत असं ठरवलं तर मजुरी ३००. त्यात ७९ मिळवले की ३७९, वरखर्चाचे १५ टक्के घालून ४३६. त्यावर व्यवसायाचा नफा २० टक्के, म्हणजे सुमारे ५२५. हा झाला तुमचा घाऊक भाव. दुकान ४० टक्के घेणार असेल तर लेबलवरची किंमत ८७५ हवी. आणि तीच किंमत तुमच्या स्वतःच्या स्टॉलवरही हवी. दुकानात ८७५ आणि प्रदर्शनात ३५० असं एकदा दिसलं की दुकानदार परत दारात उभं करत नाही.

‘तांब्याला ८७५ कोण देणार’ ही तुमची शंका रास्त आहे. पण भाव कापून ती सुटणार नाही, वेळ कापून सुटेल. एकेक ब्रेसलेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू नका. एके दिवशी फक्त गुंडाळा आणि कापा. दुसऱ्या दिवशी निम्म्या कड्या बंद करून आणि निम्म्या उघडून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. विणताना मग उघडी कडी उचलायची, तिच्यात बंद कड्या ओवायच्या आणि लावायची. पकडी सारख्या खाली ठेवाव्या लागत नाहीत, त्यामुळे बराच वेळ वाचतो. दुसरं म्हणजे मालाची निवड. बायझंटाइनचा दोन सेंमीचा तुकडा आणि एक मणी, एवढ्यात कानातलं होतं. जोडीला ३० कड्यांच्या आत काम भागतं. लोक कानातली चटकन घेतात, ब्रेसलेटसमोर थांबून विचार करतात. स्टॉलवर दोन्ही ठेवा, पण भाडं कानातल्यांतूनच निघायला हवं असा हिशोब धरा.

दुकानाला ३०ऐवजी ८ नग द्या. किती दिवसांनी हिशोब, हरवलेल्या नगाचे पैसे कोण देणार, न विकलेला माल केव्हा परत, हे तीन मुद्दे लिहून सही घ्या.

प्रश्न (सोलापूर) : चांदीत काम सुरू करायचं आहे. सराफाकडून तार ओढून घेतली, पण कड्या हाताने ओढल्या तरी उघडतात. प्रत्येक जोडाला डाख द्यावा का? आणि हॉलमार्कचं काय?

उत्तर : सराफाने तार ओढून शेवटी ताव दिलेला असणार, म्हणजे तापवून नरम केलेली. त्याच्या कामाला ती तशीच लागते. तुम्ही ९२५ची (९२.५ टक्के चांदीची) ‘हाफ हार्ड’ तार मागा, म्हणजे शेवटच्या तावानंतर जंत्रीच्या, तार ओढायच्या पट्टीच्या, दोन-तीन भोकांतून पुन्हा ओढलेली. ओढण्याने तार कडक होते. शुद्ध चांदी या कामाला फार मऊ पडते.

दाट विणीत डाख देऊ नका. तो शेजारच्या कडीवर पळतो, दोन कड्या एकमेकींना चिकटतात आणि साखळी तिथे वळत नाही. शिवाय तापल्याने आसपासची तार पुन्हा नरम पडते. मजबुती मापातून मिळवा. त्याच तारेची कडी जितकी लहान तितका जोड उघडायला जड. १.०२ मिमी तार आणि ३.५ मिमी व्यास हे चांदीच्या बायझंटाइनला भरवशाचं माप आहे. एका कडीचं वजन ०.१२ ग्रॅम पडतं आणि ब्रेसलेट साधारण १७ ग्रॅमचं होतं. फुल पर्शियनसारख्या मोठ्या व्यासाच्या विणी चांदीत कराल तर तार जाड घ्या. करवतीचा भुसा मांडीवर कातडं अंथरून गोळा करा, ती चांदीच आहे.

चांदीला हॉलमार्क सध्या ऐच्छिक आहे, पण तो शिक्का स्वतः मारायचा नसतो. नोंदणी बीआयएसकडे (भारतीय मानक ब्युरो), आणि तपासणी व शिक्का मान्यताप्राप्त केंद्रात. बारीक कडीवर काहीच उमटवता येत नाही, म्हणून फाशाजवळ चांदीचीच छोटी चकती जोडा, शिक्का तिच्यावर बसतो. हॉलमार्क करत नसाल तर बिलावर शुद्धता आणि वजन स्पष्ट लिहा, आणि फासाही ९२५चाच वापरा.

प्रश्न (म्युनिक) : इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात पुण्याहून मागवलेले पितळ आणि स्टीलचे चेनमेल दागिने विकायचे आहेत. काय तपासून घेऊ?

उत्तर : निकेल, शिसं आणि कॅडमियम. युरोपीय संघात त्वचेला बराच वेळ लागून राहणाऱ्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंमीमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागासाठी मर्यादा ०.२ आहे. शिसं वजनाच्या ०.०५ टक्क्यापेक्षा कमी आणि कॅडमियम ०.०१ टक्क्यापेक्षा कमी हवं. पितळात धोका शिशाचा. लेथवर कापायला सोपं जावं म्हणून बनवलेल्या पितळात ते तीन टक्क्यांपर्यंत असू शकतं. पुण्यातल्या कारागिराला विचारा की तार कुठली, ७०/३० की ६३/३७ (तांबं आणि जस्ताचे टक्के), आणि तार विकणाऱ्याचं रासायनिक चाचणीचं प्रमाणपत्र मागा. बाजारातले सोनेरी मुलाम्याचे फासे सगळ्यांत बेभरवशाचे, कारण मुलाम्याखाली बऱ्याचदा निकेलचा थर असतो. तेवढे स्टीलचे घालून घ्या.

प्रश्न (सातारा) : माझ्या कार्डावर ‘शिवकालीन चिलखताची वीण’ असं छापायचं आहे. बायझंटाइन आणि युरोपियन दोन्ही करतो. चालेल ना?

उत्तर : बायझंटाइनसाठी नाही. ती दागिन्याची साखळी आहे, चिलखताची नव्हे. एका कडीत चार कड्या ही फोर-इन-वन वीण मात्र खऱ्या जाळीच्या चिलखतांत आहे, युरोपातही आणि हिंदुस्थानातही. अफजलखानाच्या भेटीला, १६५९ साली, महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं, त्यामुळे हे नाव वापरताना जबाबदारी मोठी. लढाईच्या चिलखतात कडीची टोकं चपटी करून त्यांत रिव्हेट मारलेला असे. काहींत रिव्हेटच्या ओळीआड एक ओळ अखंड कड्यांची असे. तुमची कडी नुसती टोकाला टोक भिडवलेली आहे. ‘जाळीच्या चिलखतांत वापरली जाणारी फोर-इन-वन वीण’ एवढं त्या वस्तूच्या कार्डावर लिहा. ते खरं आहे आणि तेवढंच पुरेसं आकर्षकही.

प्रश्न (नागपूर) : रंगीत ॲल्युमिनियमच्या कड्यांवर पकडीचे ओरखडे पडून पांढरं दिसतं. आणि एकदा धुतल्यावर सगळा रंगच फिका झाला.

उत्तर : रंग ॲनोडायझिंगने पृष्ठभागावर तयार केलेल्या पातळ थरात असतो, धातूत नाही. पकडीचे जबडे टूल डिपमध्ये बुडवून रबराचा लेप चढवा किंवा त्यांवर मास्किंग टेप गुंडाळा. लेप झिजला की लगेच बदला. पकड घसरते म्हणूनच बहुतेक ओरखडे पडतात, तेव्हा जास्त जोराने दाबण्याऐवजी कडीचा जास्त भाग जबड्यात घ्या. कापलेली टोकं पांढरी दिसणारच, कारण काप रंगानंतरचा असतो. जोड नीट भिडला की ते लपतं. फिका पडला तो बहुधा धुण्याच्या सोड्याने किंवा तसल्याच क्षारयुक्त पावडरीने. क्षाराने तो थर विरघळतो. सौम्य साबण, कोमट पाणी, दोन मिनिटं, बस. बिनरंगी ॲल्युमिनियम बोटं काळी करत असेल तर साबणपाण्यात हलवून पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळा.

प्रश्न (पुणे) : नोंदणी कोणकोणती लागेल? सुरुवात अगदी लहान आहे.

उत्तर : उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर फुकट होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३पासून लहान विक्रेत्याला नोंदणीविना ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवरून आपल्या राज्यापुरतं विकताही येतं, मात्र जीएसटीच्या संकेतस्थळावरून त्यासाठीचा क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात माल पाठवायचा असेल तर नियम बदलतात. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, तुमची वस्तू तीत बसते का हे सीएला आधी विचारा. डबीत बंद करून विकाल तर डबीवर एमआरपी, नगांची संख्या, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापलेला हवा.